न दुखता लघवीतून रक्त जातं तेव्हा

साठी ओलांडलेल्या माणसाला एका सकाळी लघवी लालसर दिसते. आग नाही, कळ नाही, ताप नाही. दोन दिवसांत रंग पूर्ववत होतो. घरातल्या घरात निदानही होऊन जातं: उष्णता झाली असेल. धन्या-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा सुरू होतो, विषय मागे पडतो. पण उतारवयातलं हे न दुखणारं, आपोआप थांबणारं रक्तच डॉक्टरांना सगळ्यात जास्त काळजीत टाकतं.

दुखलं की माणूस दवाखाना गाठतोच. मुतखडा मूत्रवाहिनीत अडकला तर कंबरेतून जांघेपर्यंत कळा येतात. जंतुसंसर्गात जळजळ होते, सारखं लघवीला जावंसं वाटतं. पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट हेही रक्ताचं नेहमीचं कारण आहे; ग्रंथीबरोबर तिच्यावरच्या नाजूक रक्तवाहिन्याही वाढतात आणि त्या सहज फुटतात. मात्र प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला मूत्राशयाचा कॅन्सरही असू शकतो. एक कारण सापडलं म्हणून शोध तिथेच थांबवता येत नाही.

मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर उगवलेली गाठ सुरुवातीला दुखत नाही. तिच्यातल्या नव्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात. एखादी फुटते, लघवी लाल होते, मग ती बुजते. पुढचं रक्त काही महिन्यांनीही दिसू शकतं. मधल्या काळात गाठ मात्र वाढत असते.

या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण विडी-सिगारेट आहे. धुरातली घातक रसायनं फुफ्फुसांतून रक्तात जातात, मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात आणि ती लघवी मूत्राशयात तासन् तास साठून राहते. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी 1895 मध्ये रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचं मांडलं होतं. तिथेही दोषी त्याच जातीची रसायनं होती. संपर्क आणि आजार यांत कित्येक वर्षं जातात, त्यामुळे 'विडी सोडून पंधरा वर्षं झाली' हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

हृदयविकारानंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचं रक्त त्या गोळ्यांच्या माथी मारलं जातं. गोळ्यांमुळे रक्तस्राव वाढतो हे खरं, पण बऱ्याचदा मुळात कुठेतरी जखम किंवा गाठ असते आणि गोळी ती उघडी पाडते. म्हणून त्यांचीही तपासणी इतरांइतकीच पूर्ण व्हायला हवी. गोळी स्वतःहून बंद करणं तर फार धोक्याचं.

बायकांच्या बाबतीत उशीर जास्त होतो, आणि याची मला मनापासून चिंता वाटते. इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा, मग तिसरा, असं चालू राहतं. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, केलेलं नसतं, कोर्स संपल्यावर लघवी पुन्हा तपासलेली नसते. पाळी गेल्यानंतर कपड्यांवर दिसलेलं रक्त योनीमार्गातूनही आलेलं असू शकतं. त्याची तपासणी वेगळी आणि तितकीच गरजेची.

बीट खाल्ल्यावर किंवा क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनने लघवीचा रंग बदलतो. रक्त आहे की नाही, हे लघवीच्या साध्या तपासणीत कळतं. सूक्ष्मदर्शकातून तांबड्या पेशी दिसल्या तर पुढे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी), सोनोग्राफी, लागल्यास सीटी स्कॅन. सोनोग्राफी नॉर्मल आली की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, पण अस्तरावरची लहान किंवा सपाट गाठ सोनोग्राफीत निसटू शकते. त्यासाठी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून आत पाहावं लागतं. ही तपासणी बहुतेकदा भूल देणारी जेली लावून काही मिनिटांत होते. रक्ताच्या गाठी पडून लघवी अडली, तर मात्र सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जावं.

निदानाच्या वेळी मूत्राशयाच्या बहुसंख्य गाठी स्नायूपर्यंत पोहोचलेल्या नसतात. त्या दुर्बिणीतूनच खरवडून काढतात. पुन्हा उगवण्याचा धोका जास्त असेल तर मूत्राशयात बीसीजी सोडतात, तीच क्षयरोगाच्या लशीतली बीसीजी. तिच्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती अस्तरावरच्या कॅन्सरपेशींवर तुटून पडते. या गाठी पुन्हा येण्याचा संभव असल्याने नंतरही ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी करत राहावी लागते. धोका जास्त असलेल्यांना पहिल्या दोन वर्षांत साधारण दर तीन महिन्यांनी.