एक ते पाच हे गुण आले कुठून?

‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय, त्यांना १ ते ५ गुण आणि शेवटी बेरीज. आज प्रश्नावली म्हटली की हेच डोळ्यांसमोर येतं. सुरुवात मात्र बरीच कष्टाची होती.

अमेरिकेतले संशोधक लुई थर्स्टन आणि अर्नेस्ट चेव्ह यांनी १९२९ मध्ये चर्चविषयीची वृत्ती, म्हणजे अनुकूल-प्रतिकूल कल, मोजायला १३० विधानं घेतली. परीक्षकांनी स्वतःचं मत बाजूला ठेवून ती सर्वांत अनुकूल ते सर्वांत प्रतिकूल अशा ११ गठ्ठ्यांत लावायची होती. एकाच गठ्ठ्यात ३० किंवा जास्त विधानं टाकणाऱ्यांचं काम निष्काळजी म्हणून वगळलं, तरी ३०० परीक्षक उरले. विधानाला मिळालेल्या स्थानांची मध्यगा (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या) हे त्याचं मूल्य. परीक्षकांत फार मतभेद असलेलं विधान बाद. अंतिम मोजपट्टीत ४५ विधानं राहिली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये परीक्षकच काढून टाकले. त्याची मूळ पद्धत मात्र साध्या बेरजेची नव्हती, हे सहसा सांगितलं जात नाही. समजा, एका विधानावर पाच पर्यायांना अनुक्रमे १३, ४३, २१, १३ आणि १० टक्के उत्तरं आली. वृत्तीचं वितरण प्रसामान्य (बहुतेक लोक मध्याजवळ, टोकांना मोजकेच) मानलं, तर त्या पर्यायांची मूल्यं –१.६३, –०.४३, ०.४३, ०.९९ आणि १.७६ निघतात. म्हणजे पहिली पायरी १.२० ची आणि तिसरी फक्त ०.५६ ची! तरीही या मूल्यांनी काढलेले आणि १ ते ५ ने काढलेले एकूण गुण यांचा सहसंबंध ०.९९ च्या आसपास आला, आणि सोपी रीत रूढ झाली. पण तो पुरावा माणसांच्या एकूण गुणांबद्दल होता. एकेका विधानावर पर्यायांमधलं अंतर सारखं असतं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तो प्रश्न फुमिको सामेजिमा यांच्या १९६९ च्या सांख्यिकी प्रतिमानात (मॉडेलमध्ये) नीट हाताळला गेला. तिथे पाच पर्यायांच्या विधानाला चार उंबरठे, म्हणजे एका पर्यायातून पुढच्यात जाण्याच्या सीमा, असतात आणि त्यांच्यातली अंतरं मिळालेल्या उत्तरांवरूनच काढली जातात. शिवाय प्रत्येक विधान लोकांमधला फरक किती स्पष्ट दाखवतं, हेही वेगळं कळतं. अडचण येते ती टोकाच्या पर्यायावर मोजकीच उत्तरं असताना: तो उंबरठा डळमळीत निघतो आणि शेजारचे दोन पर्याय एकत्र करावे लागतात.

मराठी प्रश्नावलीत ‘तटस्थ’च्या जागी ‘सांगता येत नाही’ छापलं, तर मत नसलेले लोक मधल्या पर्यायात शिरतात. मग कोणतंही प्रतिमान त्यांना मधल्या मताचे समजूनच उंबरठे काढतं. म्हणून तो पर्याय वेगळा छापावा आणि त्याला ३ गुण न देता उत्तर रिकामं धरावं.