हातात काय असतं? किनाऱ्यावरच्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

आमच्या आईच्या तोंडी ‘कंट्रोल’ हा शब्द एकाच अर्थाने येतो : रेशनचं दुकान. कंट्रोलचे तांदूळ, कंट्रोलची साखर. दुसऱ्या महायुद्धात सरकारने धान्य मोजून द्यायला सुरुवात केली, मुंबईत १९४३ साली रेशनिंग आलं, आणि हा शब्द घराघरांत रुजला. ‘माझं आयुष्य माझ्या कंट्रोलमध्ये आहे’ असं आज आपण म्हणतो. पण जुन्या पिढीने तोच शब्द दुसऱ्याने मापून हातावर ठेवलेल्या धान्यासाठी वापरला. आयुष्य खरंच कुणाच्या ताब्यात असू शकतं का, हे समजून घ्यायला मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. कारण माझी खात्री आहे की किनाऱ्यावर हा प्रश्न पूर्वी एकट्या माणसाच्या नावाने विचारलाच जात नव्हता.

जे हातात होतं ते मात्र आपल्या लोकांनी घट्ट धरून ठेवलं. भरतीचंच घ्या. अलिबाग-मुरूडच्या बाजूला कुणाही जुन्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारा, तो घड्याळ न बघता सांगेल : तिथीची पाऊणपट. आज चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जायचं की नावेने, हे आजही लोक याच हिशेबाने ठरवतात. चंद्राची चाल पिढ्यान्पिढ्या बघून काढलेलं हे गणित आहे आणि ते क्वचितच दगा देतं.

वाऱ्याला असं गणित नाही. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की होड्या आत घ्यायच्या, एवढंच. पाण्याची वेळ सांगता येते, वाऱ्याची सांगता येत नाही, आणि होडी तर दोघांच्या मधे असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. त्याच्या लक्षात आलं की तिथले लोक आतल्या शांत, उथळ पाण्यात मासे धरताना मंत्रतंत्र करत नाहीत. खुल्या समुद्रात जाताना मात्र विधी केल्याशिवाय निघत नाहीत. त्यांच्या अज्ञानामुळे हा फरक पडत नव्हता. ज्ञान कुठे संपतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, म्हणून पडत होता. हे वाचताना मला आपली नारळी पौर्णिमा दिसते. खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकायला जाणारा बापया समुद्राला नारळ वाहून जात नाही. खोल समुद्रात जाणारी होडी नव्या हंगामाला निघते तेव्हा मात्र नारळ वाहतात, सोन्याचा कागद लावून. सरकारी मासेमारी बंदी आता १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे, नारळी पौर्णिमा बहुतेक वेळा तिच्यानंतर येते, म्हणजे होड्या त्याआधीही निघू शकतात, तरी नारळ कुणी सोडलेला नाही.

खाली सिंधुदुर्गात हीच गोष्ट गाऱ्हाण्यात ऐकू येते. ‘बा देवा म्हाराजा...’ अशी सुरुवात होते, एकजण मागणं मांडतो आणि बाकी सगळे प्रत्येक ओळीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मी ते पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं तेव्हा एक गोष्ट जाणवली. मागणं एका घरचं असलं तरी होकार सगळ्यांचा असतो. मुंबईला नोकरीसाठी निघालेल्या पोरासाठी अख्खी वाडी ‘व्हय म्हाराजा’ म्हणते. कौलाचंही, म्हणजे देवाला विचारून घेतलेल्या उत्तराचंही, तसंच. गुरव देवाच्या पाषाणावर कळ्या चिकटवतो आणि उजवी पडते की डावी, याची सगळे वाट बघत बसतात. कौलाने प्रश्न सुटतो असं मी म्हणणार नाही. पण निर्णयाचं ओझं एकाच्या खांद्यावर राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नुसतं देवावर सोडून देणारा हा प्रदेश नव्हे. कोकणातल्या कुळांच्या डोक्यावर खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा वतनदार, होता. पिकातलं किती घरी राहायचं ते कुळाच्या हातात नव्हतं. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांनी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतीच करायची नाही असं ठरवलं. वर्ष-दोन वर्षं नव्हे, सहा वर्षांच्या आसपास त्या जमिनी पडीक राहिल्या. लोकांनी लाकडं तोडून विकली, खाडीत मासे धरले, उपास काढले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडलं. आपल्या आयुष्यावर ताबा मिळवल्याचं कोकणातलं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही, आणि तो ताबा मिळवायला आधी सगळ्यांनी मिळून हातातलं पीक सोडावं लागलं.

तोवर दुसरी वाट रुळलेली होती : मुंबई. १८८० साली टपालखात्याची मनीऑर्डर सुरू झाली आणि गिरणीतल्या पगाराचे पैसे थेट उंबऱ्यावर यायला लागले. रत्नागिरी जिल्ह्याने गिरण्यांना जेवढी माणसं दिली तेवढी क्वचितच दुसऱ्या जिल्ह्याने दिली असतील. माझ्या मते ‘माझं आयुष्य मी चालवतो’ ही भावना कोकणी माणसाला पहिल्यांदा दिली ती महिन्याच्या ठरलेल्या तारखेने. पावसावर, खोतावर, वाऱ्यावर न ठरणारी तारीख. माझे मोठे काका गिरणीत साच्यावर होते. त्यांच्या वहीत दर महिन्याला त्याच चार ओळी असत : खानावळ, गाळ्याचं भाडं, मनीऑर्डर, शिल्लक. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि काकांसारखे कितीतरी पुन्हा आत गेले नाहीत. त्या वहीत जानेवारीनंतर ‘मनीऑर्डर’ ही ओळ लिहिलेली आहे, पुढे आकडा नाही. ती ओळ त्यांनी सहा महिने तशीच लिहिली.

मानसशास्त्राने हा विषय हातात घेतला तो बराच उशिरा. अमेरिकेत ज्युलियन रॉटरने १९६६ साली २९ जोड्यांची एक प्रश्नावली छापली. प्रत्येक जोडीत दोन वाक्यं, त्यातलं एक निवडायचं. आयुष्यात जे घडतं ते माझ्यामुळे की नशिबामुळे, असा एकूण रोख. १९७५ मध्ये एलन लँगरने दाखवलं की लॉटरीचं तिकीट स्वतः निवडलेली माणसं ते विकायला सरासरी आठ डॉलरहून जास्त मागतात, आणि हातात आयतं मिळालेलं तिकीट दोन डॉलरच्या आसपास सोडायला तयार होतात. तिकीट एकाच किमतीचं, नशीबही तेच. रॉटरची जोडी तांडेलापुढे ठेवली तर तो एक वाक्य निवडू शकेल असं मला वाटत नाही. त्याला दोन्ही खरी वाटतील. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कामाची पाच कारणं सांगितली आहेत : जागा, करणारा, साधनं, खटपट, आणि पाचवं दैव. कोकणातल्या घरांत हा श्लोक पाठ असतो की नाही कोण जाणे, पण जगतात मात्र याच हिशेबाने.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं ते भर हंगामात, होड्या बाहेर असताना. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाची मात्र दोन दिवस आधी पक्की खबर होती. श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर ते दुपारी शिरलं. आम्ही माणसं, गुरं, कागदपत्रं सगळं वेळेत हलवलं. सुपारीची वाडी हलवता येत नाही. संध्याकाळी आई मागच्या दाराने बाहेर गेली तेव्हा आजोबांच्या हातच्या पोफळी एकाच दिशेला आडव्या पडल्या होत्या, केस विंचरल्यासारख्या. तिने मोजायला सुरुवात केली आणि चाळीसनंतर थांबली.

पंचनामा झाला, थोडी भरपाई आली. पुढच्या वर्षी तिने रोपं आणली. पोफळीला धरायला सहा-आठ वर्षं लागतात आणि तिचं वय तेव्हा एकाहत्तर होतं. मी विचारलं, ‘आई, एवढी कशाला?’ ती म्हणाली, ‘आधी केळी लाव मधे, ऊन लागतंय त्यांना.’ मग मी केळी लावल्या.