माहितीपत्रक: आपल्या सर्व्हरवरील लॉग फाइल्सचे रोटेशन आणि कॉम्प्रेशन

सातपूर-अंबडमधील कारखाने आणि दिंडोरी-निफाड भागातील द्राक्ष निर्यातदार अशा ज्या ग्राहकांनी सर्व्हरची देखभाल आमच्याकडे सोपवली आहे, त्या सर्वांना पहिली विनंती अशी की, डिस्क भरल्याचा इशारा दिसल्यास लॉग फाइल स्वतः डिलीट करू नये, आधी आम्हाला फोन करावा. वेबसर्व्हरने किंवा डेटाबेसने ती फाइल उघडी धरून ठेवली असेल, तर डिलीट केल्यावर ती यादीतून नाहीशी होते, पण तो प्रोग्रॅम ती सोडत नाही तोपर्यंत लिनक्स ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम तिची जागा मोकळी करत नाही. म्हणजे नोंदी हातच्या जातात आणि डिस्क भरलेली ती भरलेलीच राहते.

लॉग म्हणजे सर्व्हरची रोजकीर्द. कोणी कधी लॉगिन केले, कोणती ऑर्डर अडकली, कोणत्या पत्त्यावरून चुकीचा पासवर्ड वारंवार टाकला गेला, हे सारे तिच्यात उतरते. ती वाढतच जाणार, म्हणून लिनक्सवरील लॉगरोटेट हा प्रोग्रॅम ठरलेल्या वेळी चालू फाइलचे नाव बदलून तिच्या जागी नवी कोरी फाइल ठेवतो आणि संबंधित प्रोग्रॅमला नव्या फाइलीत लिहिण्याची सूचना देतो. यालाच रोटेशन म्हणतात. काही जुन्या सॉफ्टवेअरना ही सूचना समजत नाही. तिथे फाइलची नक्कल काढून मूळ फाइल रिकामी करावी लागते, मात्र त्या दोन क्रियांच्या मधल्या क्षणी आलेल्या काही ओळी गळू शकतात. त्यामुळे दुसरा इलाज नसेल तरच आम्ही ही पद्धत वापरतो.

जुन्या फाइल्स जीझिप या प्रोग्रॅमने कॉम्प्रेस होतात, म्हणजे मजकूर न गमावता आकाराने लहान केल्या जातात. लॉगमध्ये तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येत असल्याने फाइल बहुधा मूळ आकाराच्या दहाव्या हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही खाली येते. रोज २०० एमबी लॉग तयार होत असेल, तर १८० दिवसांचे ३६ जीबी होतात. कॉम्प्रेस केल्यावर तेच साधारण ४ जीबीत बसतात. नुकतीच बाजूला ठेवलेली फाइल आम्ही लगेच कॉम्प्रेस करत नाही, पुढच्या फेरीपर्यंत थांबतो, कारण प्रोग्रॅम काही काळ तिच्यातच लिहीत असण्याची शक्यता असते. कॉम्प्रेस केलेली फाइल न उलगडताही झेडग्रेप या कमांडने तिच्यात शोध घेता येतो.

१८० हा आकडा आम्ही मनाने धरलेला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या संगणक प्रणालींचे मागील १८० दिवसांचे लॉग सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे. इथे एक चूक सहज होते, आणि ती चौकशीची वेळ येईपर्यंत लक्षातही येत नाही. लॉगरोटेटमधील ‘रोटेट १८०’ ही सेटिंग दिवस मोजत नाही, फाइल्स मोजते. रोज एकदाच रोटेशन होत असेल तर दोन्हींचा मेळ बसतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांच्या हंगामात नोंदी वाढतात, फाइल ठरलेल्या आकाराची झाली की दिवसातून सहा वेळा रोटेशन होऊ लागते, आणि १८० फाइल्समध्ये जेमतेम ३० दिवस मावतात. म्हणून अशा सर्व्हरवर आम्ही फाइल्सच्या संख्येवर विसंबत नाही, ‘मॅक्सएज’ या सेटिंगने त्यांचे वय पाहूनच त्या काढतो आणि फाइलच्या नावात तारखेसोबत वेळही घालतो. नावात नुसती तारीख असेल, तर त्याच दिवशीचे दुसरे रोटेशन नाव आधीच वापरलेले असल्यामुळे होत नाही.

लॉगसाठी वेगळे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र भाग, ठेवावे, असा आमचा आग्रह असतो. लॉग आणि डेटाबेस एकाच ठिकाणी असले, तर लॉगने जागा व्यापताच बिलिंगही थांबते. शिवाय घुसखोर आत शिरला तर आपल्या खुणा पुसण्यासाठी तो आधी लॉगकडेच वळतो, म्हणून लॉगची एक प्रत रोज रात्री दुसऱ्या मशिनवर पाठवली जाते.

नवे सॉफ्टवेअर बसवताना त्याचे लॉग कोणत्या फोल्डरमध्ये जातात, हे विक्रेत्याकडून लिहून घेऊन आम्हाला कळवावे. लॉगरोटेट फक्त त्याला सांगितलेल्या फाइल्सकडे पाहतो, त्यामुळे न कळवलेल्या फोल्डरमधील लॉग वाढतच राहतो.