रेड ब्लेंड : मिश्र लाल वाइन

दोन किंवा अधिक जातींच्या द्राक्षांपासून, मुख्यतः काळ्या द्राक्षांपासून, केलेली लाल वाइन म्हणजे रेड ब्लेंड. बाटलीवर एकाच जातीचे नाव दिसले तरी आत तेवढीच जात असेल असे नाही. युरोपीय संघात त्या जातीचे प्रमाण किमान ८५ टक्के आणि अमेरिकेत सर्वसाधारणपणे ७५ टक्के असले की ते नाव लावता येते. म्हणजे ‘एकजातीय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ वाइनमध्येही थोडी सरमिसळ असतेच. स्वस्त वाइन कमी दर्जाची म्हणून मिसळतात, हा समज चुकीचा आहे. जगातल्या सर्वांत महागड्या लाल वाइनपैकी कित्येक मिश्रच आहेत.

मिश्रणाची मुळे चवीइतकीच हवामानात आहेत. फ्रान्समधल्या बोर्दो भागात मेर्लोची वेल लवकर फुटते आणि तिची द्राक्षे लवकर पिकतात. काबर्ने सोव्हिन्यों उशिरा फुटते, उशिरा पिकते. वसंतातल्या गोठलेल्या दहिवराने मेर्लोचे नुकसान झाले तर काबर्ने हाताशी राहते. शरदातल्या पावसाने काबर्ने बिघडली तर मेर्लो आधीच तोडून झालेली असते. मातीचाही यात वाटा आहे: जिरोंद खाडीच्या डाव्या अंगाच्या गोटेरी जमिनीत काबर्नेचे प्रमाण जास्त, तर उजव्या अंगाच्या चिकणमातीत मेर्लोचे. शेतकऱ्याने नुकसान टाळण्यासाठी लावलेल्या या जाती पेल्यातही एकमेकींना पूरक ठरल्या. मेर्लो मऊ आणि भरदार; काबर्नेने तुरटपणा आणि ताठपणा येतो; काबर्ने फ्रांकने सुगंध वाढतो; पेटी व्हर्दो अगदी थोडी घातली तरी रंग गडद होतो.

इतर प्रदेशांची सूत्रे वेगळी. फ्रान्समधल्याच रोन खोऱ्याच्या दक्षिणेला ग्रेनाश, सिरा आणि मूर्व्हेद्र हे त्रिकूट चालते. तिथल्याच शातोनफ-द्यु-पाप या वाइनच्या नियमांत परंपरेने १३ जाती मोजल्या जातात आणि त्यांत पांढऱ्या द्राक्षांच्याही आहेत. त्याच खोऱ्याच्या उत्तरेकडल्या कोत-रोतीमध्ये सिरासोबत व्हिओन्ये ही पांढरी जात २० टक्क्यांपर्यंत एकत्र आंबवता येते. इटलीत बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२ मध्ये कियांती या लाल वाइनसाठी सांज्योव्हेजे आणि कानायोलो यांचा मेळ सुचवला आणि लवकर प्यायच्या वाइनसाठी मालव्हाझिया ही पांढरी जात घालण्यास हरकत नाही असे म्हटले. पोर्तुगालमध्ये दौरू खोऱ्यातल्या जुन्या मळ्यांत अनेक जातींच्या वेली शेजारी शेजारी वाढतात आणि सगळी द्राक्षे एकदमच तोडली जातात. तिथले मिश्रण मळ्यातच झालेले असते.

नकळत झालेल्या मिश्रणाचे सर्वांत बोलके उदाहरण चिलीचे. तिथल्या ‘मेर्लो’च्या मळ्यांतल्या बऱ्याच वेली प्रत्यक्षात कार्मेनेर या जातीच्या आहेत, हे १९९४ मध्ये फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको यांनी ओळखले. कार्मेनेर मेर्लोच्या काही आठवडे मागाहून पिकते. दोन्ही एकाच दिवशी तोडल्यावर कार्मेनेर कच्ची राही आणि ढोबळी मिरचीसारखा हिरवट वास वाइनमध्ये उतरे. जाती वेगळ्या ओळखून तोडणीच्या वेळा बदलल्यावर हे दोन्ही वाइनच्या पथ्यावर पडले.

बहुतेक ठिकाणी प्रत्येक जात वेगळी आंबवतात. मग नमुने टेबलावर मांडून, मोजपात्राने थोडे थोडे मिसळून, चाखून प्रमाण ठरते. ते दरवर्षी तेच राहत नाही. पीक बदलते, म्हणून चव सारखी राहावी यासाठी प्रमाण बदलावे लागते. परवडणाऱ्या ब्लेंडमागे हे कसब मोठे असते, आणि त्याचे श्रेय त्याला क्वचितच मिळते. किंमत खाली येते ती इतर कारणांनी: प्रसिद्ध मळ्याऐवजी विस्तीर्ण प्रदेशातली द्राक्षे, एकरी जास्त उत्पादन, यंत्राने तोडणी, स्टीलच्या टाक्या, थोडाच काळ मुरवणे. ओक लाकडाच्या २२५ लिटरच्या नव्या पिंपांऐवजी टाकीत ओकचे तुकडे किंवा फळ्या सोडतात. युरोपीय संघाने तुकड्यांना २००६ मध्ये परवानगी दिली. काही लोकप्रिय ब्लेंडांत लिटरमागे काही ग्रॅम साखर मुद्दाम शिल्लक ठेवलेली असते. ती तुरटपणा झाकते आणि पहिला घोट सुखद करते. यात गैर काही नाही, पण ती ओळखता यायला हवी: घोट गेल्यावर ओठ किंचित चिकट लागतात आणि वाइन कोमट झाली की गोडवा उघडा पडतो.

चव घेण्यासाठी फार सरंजाम लागत नाही. वाइन १६ ते १८ अंश सेल्सिअसला असावी. उन्हाळ्यात अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली तर उत्तम. पेला वर निमुळता होणारा घ्यावा आणि पाव भागच भरावा. पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग पाहावा. जांभळी कड कोवळेपणाची, विटकरी कड वयाची. पेला न हलवता एकदा वास घ्यावा, मग गोल फिरवून पुन्हा. त्यानंतर लहान घोट तोंडभर फिरवावा आणि थुंकावा. थुंकण्यात अवमान नाही. शिकणाऱ्याला एका बैठकीत चार-पाच वाइन तपासायच्या असतात आणि मद्य हा कर्करोगाला कारण ठरणारा पदार्थ आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे.

नवशिक्याची खरी अडचण असते आंबट, तुरट आणि कडू यांची गल्लत. आंबट वाइनने तोंडाला पाणी सुटते. तुरट वाइनने हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी, खरखरीत होते. कडूपणा घोट उतरल्यावर मागे उरतो. मराठी वाचकाचे काम इथे सोपे आहे, कारण षड्‌रसांत ‘कषाय’, म्हणजे तुरट, स्वतंत्रपणे मोजलेला आहे आणि बोलीतही तो शब्द रोजचा आहे. शरीरविज्ञान मात्र तुरटपणाला मुख्यतः स्पर्श मानते: द्राक्षांची साले, बिया आणि ओक यांतली टॅनिने लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात आणि तोंडातला निसरडेपणा जातो.

शिकण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे स्वतः मिसळून पाहणे. मेर्लो, काबर्ने सोव्हिन्यों आणि सिरा यांच्या साध्या, एकजातीय म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या घ्याव्यात आणि १०० मिलिलिटरचे मोजपात्र जवळ ठेवावे. आधी तिन्ही वेगवेगळ्या चाखाव्यात. मग ६० मिलि मेर्लोत ४० मिलि काबर्ने घालावी: मेर्लोच्या घोटाचा मधला गोलवा तसाच राहतो, पण शेवट आवळला जातो. पुढच्या पेल्यात ५५ मिलि मेर्लो, ३५ मिलि काबर्ने आणि १० मिलि सिरा. एवढ्या दहा मिलिने मिऱ्याचा वास डोके वर काढतो की नाही, ते पाहावे. तो न आल्यास नाकाला दोष देऊ नये. मिऱ्याचा वास देणारे रोटंडोन हे संयुग सुमारे पाचव्या हिश्शाच्या माणसांना जाणवतच नाही. तयार ब्लेंड या पेल्यांशेजारी ठेवून चाखला की त्यातले घटक आपोआप सुटे होऊ लागतात.

डोळ्यांवर फार विसंबू नये. बोर्दोमध्ये ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून पेल्यांच्या तळाला क्रमांक चिकटवून, ते दुसऱ्याकडून मांडून घेऊन चाखावे. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावी. हवेने तुरटपणा थोडा ओसरतो, फळाचा वासही फिका होतो.

एखाद्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर त्यावरून त्या ब्लेंडचे मत बनवू नये. तो दोष बहुधा बुचातून आलेल्या टीसीए या संयुगाचा असतो, आणि त्याच वाइनची दुसरी बाटली निर्दोष निघू शकते.