एकाच गुन्ह्याला दोन शिक्षा

१५ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये रे राइस या अमेरिकन फुटबॉलपटूने आपल्या होणाऱ्या बायकोला ठोसा मारून बेशुद्ध केलं. तिला लिफ्टबाहेर ओढत नेतानाचं चित्रण काही दिवसांतच बाहेर आलं. जुलैत नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, राइसला २ सामन्यांसाठी निलंबित केलं. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतलं, प्रत्यक्ष ठोशाचं चित्रण प्रसिद्ध झालं. त्याच दिवशी त्याच्या संघाने, बाल्टिमोर रेव्हन्सने, राइसला काढून टाकलं आणि लीगने त्याला बेमुदत निलंबित केलं.

लिफ्टमध्ये जे घडलं ते फेब्रुवारीतच घडून गेलं होतं. मारलं हे लीगला माहीत होतं, ती बेशुद्ध पडली हे सगळ्या देशाने पाहिलं होतं. सप्टेंबरमध्ये गुन्हा नवा नव्हता, संताप नवा होता. मैदानाबाहेरच्या गुन्ह्यांसाठी लीग ज्या शिक्षा देतात त्यांची खरी अडचण मला इथे दिसते. त्या फार सौम्य की फार कडक, यावर दर वेळी वाद रंगतो. पण त्या कोणत्या मापाने मोजल्या, हे क्वचितच कुणी विचारतं.

डॅनियल कानेमान, डेव्हिड श्केड आणि कॅस सनस्टीन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेलं एक संशोधन इथे उपयोगी पडतं. ज्युरीत बसू शकतील अशा सामान्य नागरिकांना त्यांनी काही काल्पनिक खटले वाचायला दिले. सगळ्यांत कुठल्या ना कुठल्या कंपनीमुळे माणसाला इजा झालेली. काहींना विचारलं, हे वर्तन किती संतापजनक वाटतं? काहींना विचारलं, शिक्षा किती कडक हवी, ठरावीक अंकांच्या पट्टीवर सांगा. आणि काहींना विचारलं, दंड किती डॉलर? पहिल्या दोन प्रश्नांवर लोकांचं बऱ्यापैकी एकमत झालं. कोणता प्रकार जास्त वाईट, कोणता कमी, हा क्रम श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष सगळ्यांचा जवळपास सारखाच आला. डॉलरच्या आकड्यांत मात्र ताळमेळ उरला नाही. कारण अंकांच्या पट्टीला वरची मर्यादा असते, डॉलरला नसते. ‘बराच वाईट’ म्हणजे दहा हजार की दहा लाख, हे ज्याचं त्याने मनाशी ठरवलेलं असतं.

निलंबनाच्या ‘सामन्यां’चं तसंच आहे. ‘गंभीर गैरवर्तन’ म्हणजे २ सामने की १०, हे सांगणारा टेकू कुठेच नाही. मेजर लीग बेसबॉलने २०१५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेबरोबर घरगुती हिंसाचाराविषयी धोरण केलं, त्यातही किमान किंवा कमाल शिक्षा ठरवलेली नाही. आकडा कमिशनरने, म्हणजे लीगच्या प्रमुखाने, काढायचा. आणि आकड्याला टेकू नसला की तो संतापाच्या मागे जातो, संताप डोळ्यांना काय दिसलं याच्या मागे. चित्रण असलेला गुन्हा आणि नसलेला गुन्हा यांना वेगळं वजन मिळतं. पीडितेला झालेली इजा दोन्हीकडे तेवढीच असू शकते.

याच संशोधकांनी पुढे इलाना रिटोव्ह यांच्यासह आणखी एक गोष्ट दाखवली. एखादं प्रकरण एकटं समोर आलं की आपण त्याची तुलना त्याच्याच जातीच्या प्रकरणांशी करतो. दुसऱ्या प्रकारचं प्रकरण शेजारी ठेवलं की निकाल बदलतो. राइसच्या बाबतीत नेमकं हेच झालं. एनएफएलमधल्या घरगुती हिंसेच्या आधीच्या प्रकरणांशेजारी २ सामने ही शिक्षा फार वेगळी दिसत नव्हती. पण त्याच उन्हाळ्यात क्लीव्हलँड संघाच्या जॉश गॉर्डनवर गांजाच्या चाचणीमुळे वर्षभराचं निलंबन आलं (नियम बदलल्यावर ते १० सामन्यांवर उतरलं). दोन्ही आकडे शेजारी आले आणि लोक हादरले. ऑगस्टअखेर कमिशनर रॉजर गुडेल यांनी आपला निर्णय चुकल्याचं संघमालकांना लिहून कळवलं आणि अशा पहिल्या गुन्ह्यासाठी ६ सामन्यांचा दंडक घातला. ही तुलना निकालाआधी करणं अवघड नव्हतं.

सामना हे एककसुद्धा फसवं आहे. तेव्हा एनएफएलचा हंगाम १६ सामन्यांचा होता, म्हणजे २ सामने हे साडेबारा टक्के. बेसबॉलमध्ये २०१६ साली घरगुती हिंसाचाराच्या धोरणाखाली अ‍ॅरोल्डिस चॅपमन या खेळाडूला ३० सामने मिळाले. आकडा भरभक्कम वाटतो, पण १६२ सामन्यांच्या हंगामात तो साडेअठरा टक्केच भरतो.

पैशाचं गणित त्याहून विचित्र. वीसहून जास्त महिलांनी डीशॉन वॉटसन या एनएफएल खेळाडूवर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावले होते. त्याने आरोप नाकारले, टेक्सासमधल्या दोन ग्रँड ज्युरींनी (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांनी) फौजदारी आरोप ठेवले नाहीत. २०२२ मध्ये क्लीव्हलँडने त्याच्याशी २३ कोटी डॉलरचा करार केला. पहिल्या वर्षाचे ४ कोटी ६० लाख होते, पण त्यात मूळ पगार फक्त १० लाख ३५ हजार, बाकी सगळा सहीचा बोनस. निलंबनात कापला जातो तो मूळ पगार. त्यामुळे ११ सामन्यांच्या निलंबनात त्याचे गेले सुमारे ६ लाख ३० हजार. सगळी रक्कम पगार म्हणून धरली असती तर हाच आकडा २ कोटी ८० लाखांच्या घरात गेला असता. असे करार त्या लीगमध्ये सर्रास होतात, म्हणून यात कुणाचा हेतू शोधायची गरज नाही. वेगळा ५० लाखांचा दंड बसला, तोच काय तो जाणवण्यासारखा. सामने मोजणारी शिक्षा एकाला कंगाल करते आणि दुसऱ्याला स्पर्शही करत नाही, हे मला मान्य होण्यासारखं नाही.

कोर्टात दोषी ठरल्याशिवाय लीगने शिक्षा द्यावीच का, हा प्रश्नही नेहमी येतो. माझ्या मते द्यावी. कोर्टाला रास्त संशयापलीकडचा पुरावा लागतो, कारण तिथे माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागतं. नोकरी देणाऱ्याला तेवढा लागत नाही. पण मग स्वतःचा तपास चोख हवा. राइसने आपली दिशाभूल केली, असं लीगचं म्हणणं होतं. माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी लवाद म्हणून ते फेटाळलं आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये दुसरी शिक्षा मनमानी ठरवून रद्द केली. तरीही तो पुन्हा एनएफएलमध्ये खेळला नाही. त्याआधीच्या हंगामात त्याची सरासरी धावेमागे जेमतेम ३.१ यार्ड होती. अंदाज असा करता येतो की खेळ उतरणीला लागलेल्याला दार बंद होतं आणि ऐन भरातल्याला २३ कोटी मिळतात. ही शिक्षा कुठल्याच धोरणात लिहिलेली नाही.

लीग म्हणतात, शिक्षा धाक बसावा म्हणून. केविन कार्लस्मिथ, जॉन डार्ली आणि पॉल रॉबिन्सन यांच्या २००२ च्या प्रयोगांत लोक धाकाचं तत्त्व तोंडाने मान्य करत, पण शिक्षेचा आकडा काढताना मात्र ‘ज्याची जशी करणी’ याच हिशेबाने चालत. आणि धाकाबद्दल गुन्हेशास्त्राचं म्हणणं बऱ्यापैकी स्पष्ट आहे: पकडले जाण्याची खात्री जेवढी परिणाम करते, तेवढा शिक्षेचा कडकपणा करत नाही. इथे तर कडकपणा उलटूही शकतो. बायकोच्या एका फोनवर घराचं सगळं उत्पन्न जाणार असेल, तर ती तक्रार करायला आणखी कचरते. शिक्षेचा आकडा वाढवताना पीडितेच्या खर्चाची आणि सुरक्षिततेची सोय त्याच निकालात लिहायला हवी.

एनएफएलने खेळाडूंच्या संघटनेबरोबरच्या २०२० च्या करारात पहिला निर्णय बाहेरच्या अधिकाऱ्याकडे दिला. वॉटसन प्रकरणात माजी न्यायाधीश स्यू रॉबिन्सन यांनी आधीचे निकाल शेजारी ठेवले, वर्तनाला कडक शब्दांत दोष दिला, आणि पूर्वसूचना न देता लीगला माप बदलता येणार नाही म्हणून ६ सामन्यांवर थांबल्या. ६ सामने मलाही कमी वाटतात, पण त्या आकड्याची कारणं निकालपत्रात वाचता येतात, खोडून काढता येतात. लीगने अपील केलं, आणि करारानुसार ते अपील कमिशनरने नेमलेल्या माणसाकडेच जातं. निकाल लागण्याआधी दोन्ही बाजूंनी ११ सामन्यांवर तडजोड केली. ११ च का, याचं कारण कोणत्याही निकालपत्रात सापडत नाही.