पेशीविरहित सांगाड्यावरील यकृतपेशी-संवर्धन

यकृतातील सर्व पेशी धुऊन काढल्यावर मागे उरणाऱ्या प्रथिनांच्या जाळीवर, म्हणजेच सांगाड्यावर, मूलपेशींपासून (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशींपासून) घडविलेल्या यकृतपेशी रुजवून वाढविण्याची ही प्रयोगशाळेतील पद्धत आहे. प्रत्यारोपणासाठी दात्यांची यकृते नेहमीच अपुरी पडतात आणि मिळालेल्यांपैकीही काही अतिरिक्त चरबीमुळे बाद होतात. अशा बाद यकृताचा निदान सांगाडा तरी उपयोगी पडावा, ही या पद्धतीमागील एक मोठी अपेक्षा आहे.

यकृतातून काढलेल्या पेशी प्लॅस्टिकच्या सपाट बशीत ठेवल्या, तर काही दिवसांतच त्या आपला बहुकोनी आकार आणि औषधांचे विघटन करण्याची क्षमता गमावू लागतात. शरीरात त्यांच्याभोवती कोलॅजेन, लॅमिनिन व फायब्रोनेक्टिन ही प्रथिने आणि वृद्धिघटक (पेशींना वाढीचे संदेश देणारी प्रथिने) धरून ठेवणाऱ्या हेपॅरान सल्फेट या शर्करेच्या साखळ्या असतात. पेशीच्या पृष्ठभागावरील इंटेग्रिन प्रथिने या जाळीला चिकटतात आणि तेथील संदेश पेशीच्या आत पोहोचवितात. पेशीने कसे वागावे हे ठरविण्यात सांगाड्याचाही वाटा असतो, आणि नैसर्गिक सांगाड्याचे खरे मोल यातच आहे.

पेशी काढण्यासाठी यकृताच्या रक्तवाहिन्याच वापरतात. आतड्यांकडील रक्त यकृतात आणणाऱ्या प्रवेशिनी नीलेत नळी बसवून आधी रक्त धुतात आणि मग सोडियम डोडेसिल सल्फेट किंवा ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटचे विरळ द्रावण पंपाने संथपणे सोडत राहतात. पेशींची आवरणे विरघळून आतील द्रव्य वाहून जाते. गडद तांबडे यकृत फिकट पडत पडत पांढरट आणि शेवटी जवळजवळ पारदर्शक होते. आकार मात्र मूळचाच राहतो, आणि रंगीत द्रव सोडला तर वाहिन्यांच्या बारीक फांद्याही भरत गेल्याचे डोळ्यांना दिसते. उंदराच्या यकृताला साधारण तीन दिवस पुरतात, तर अखंड मानवी यकृताला आठवडेही लागू शकतात. डिटर्जंटचा मारा जास्त झाला, तर हेपॅरान सल्फेट आणि वृद्धिघटकही वाहून जातात. कमी पडला, तर उरलेला डीएनए प्रत्यारोपण होणाऱ्या रुग्णाच्या प्रतिकारशक्तीला चेतवू शकतो. म्हणून कोरड्या ऊतीच्या दर मिलिग्रॅममागे ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी डीएनए, ही मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते.

जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांच्या गटाने २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये मानवाच्या त्वचेतील पेशींपासून प्रेरित बहुक्षम मूलपेशी (शरीरातील जवळजवळ कोणत्याही पेशीत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशी) तयार केल्यावर रुग्णाच्याच पेशींपासून यकृतपेशी घडविण्याचा मार्ग खुला झाला. ॲक्टिव्हिन-ए हे प्रथिन देऊन या पेशींना गर्भातील अंतःस्तराच्या (ज्यातून यकृत घडते त्या आतल्या थराच्या) अवस्थेत आणतात, पुढे अन्य वृद्धिघटकांनी यकृताकडे वळवितात आणि अखेरीस ऑन्कोस्टॅटिन-एम वगैरे देऊन पक्व करतात. सुमारे तीन आठवड्यांत अल्ब्युमिन हे यकृतात बनणारे रक्तातील प्रथिन स्रवणाऱ्या पेशी मिळतात. परंतु त्या अल्फा-फीटोप्रोटीन हे गर्भावस्थेतील प्रथिनही बनवीत राहतात आणि त्यांच्यातील औषधांचे विघटन करणाऱ्या सायटोक्रोम पी-४५० विकरांचे (एन्झाइम्सचे) कार्य प्रौढ पेशींच्या मानाने कमी असते. सांगाड्यावर त्यांची पक्वता वाढते असे अनेक प्रयोगांत आढळले आहे, पण प्रौढ पेशींची बरोबरी अजून साधलेली नाही.

बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी २०१० मध्ये उंदराच्या अखंड यकृत-सांगाड्यात प्रौढ यकृतपेशी भरून तो जिवंत उंदरात काही तास बसवून दाखविला. मानवाचे अखंड यकृत पेशीविरहित करण्याचे काम लंडनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झाले. पिट्सबर्ग विद्यापीठातील गटाने २०२० मध्ये मानवी मूलपेशींपासून यकृतपेशी, पित्तनलिकांच्या पेशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी अशा तिन्ही घडवून त्या उंदराच्या सांगाड्यात भरल्या. ही लघुयकृते उंदरांत बसविल्यावर चार दिवसांनी त्यांच्या रक्तात मानवी अल्ब्युमिन सापडले, मात्र बसविलेल्या लघुयकृतांतील रक्तप्रवाहात अडथळेही आले.

रक्तप्रवाह मोकळा ठेवणे, हेच या क्षेत्राचे मर्म आहे. वाहिनीच्या भिंतीवरील कोलॅजेन उघडे राहिले, तर बिंबाणू (रक्तातील प्लेटलेट्स) त्याला चिकटून रक्ताची गुठळी होते. त्यामुळे अतिसूक्ष्म वाहिन्यांपर्यंत अस्तरपेशींचा अखंड थर बसविणे, हे यकृतपेशी घडविण्याइतकेच आवश्यक ठरते. पित्ताचा निचरा होईल अशा नलिका जुळविणे आणि प्रौढ यकृताला लागणाऱ्या १०० अब्जांच्या घरातील पेशी पुरविणे, हीही कामे बाकी आहेत. प्रत्यारोपणाच्या मानाने सोपा उपयोग औषधांच्या चाचणीत आहे. पॅरासिटॅमॉलसारख्या औषधाची अतिमात्रा यकृतपेशी कशी मारते, हे सांगाड्याच्या लहान तुकड्यांवर वाढविलेल्या मानवी पेशींत थेट अभ्यासता येते, आणि तेथे गुठळीचा प्रश्न उद्भवत नाही.