साइट प्रयोग (१९७५–७६) आणि बालप्रेक्षक

कृत्रिम उपग्रहाच्या साहाय्याने ग्रामीण भारतात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात राबविलेला शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग. ‘सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट’ या नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘साइट’ या नावाने ओळखला जातो. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील २० जिल्ह्यांची त्यासाठी निवड झाली. गावांची संख्या निरनिराळ्या लेखनात २,३३० ते २,४०० अशी आढळते. महाराष्ट्र त्यात नव्हता. मात्र सीमेलगतचे विजापूर व गुलबर्गा हे जिल्हे होते. प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक एकनाथ वसंत चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे.

मूळ कल्पना कोणाची, याविषयी एकमत नाही. भारतीय लेखनात तिचे श्रेय बहुधा विक्रम साराभाई यांना दिले जाते. नासाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचे प्रमुख आर्नॉल्ड फ्रुटकिन यांनी मात्र पुढे पुढाकार आपल्या बाजूचा असल्याचे सांगितले. १९६४ च्या चिनी अणुचाचणीनंतर भारताचे लक्ष शांततामय तंत्रज्ञानाकडे वळावे, हा अमेरिकी हेतूही काही इतिहासकार त्यामागे पाहतात. युनेस्कोच्या तज्ज्ञमंडळाने १९६७ मध्ये भारतासाठी अशाच पथदर्शी प्रकल्पाचा अभ्यास केला होता. त्याच वर्षी दिल्लीजवळच्या ८० गावांत ‘कृषिदर्शन’ हा शेतकऱ्यांसाठीचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यामागे साराभाईंचा आग्रह होता. हे पाहता उपग्रह देऊ करण्यात अमेरिकेचा वाटा मोठा असला, तरी तो खेड्यातील शाळेसाठी वापरण्याचा विचार भारतात आधीपासून रुजला होता, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. भारताचा अणुऊर्जा विभाग व नासा यांच्यातील करारावर १८ सप्टेंबर १९६९ रोजी सह्या झाल्या. साराभाई १९७१ च्या अखेरीस निवर्तले. प्रयोग प्रत्यक्षात आला तेव्हा अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राची धुरा यश पाल यांच्याकडे होती.

प्रयोगासाठी वापरलेला नासाचा एटीएस-६ हा उपग्रह ३० मे १९७४ रोजी सोडण्यात आला व नंतर पूर्व आफ्रिकेवर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणून ठेवला गेला. त्याची सुमारे ९ मीटर व्यासाची अँटेना ८६० मेगाहर्ट्‌झवर इतका जोरकस संकेत पाठवी, की खाली ३ मीटरची साधी तबकडी पुरे. ही तबकडी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची होती. ती स्वस्त, हलकी व गावात दुरुस्त करता येण्याजोगी होती. दूरचित्रवाणी संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने तयार केले. वीज न पोचलेल्या काही गावांत ते बॅटरीवर चालत. एका चित्राबरोबर ध्वनीच्या दोन वाहिन्या पाठविण्याची सोय असल्याने तेच दृश्य दोन भाषांतून ऐकविता येई.

रोजच्या चार तासांच्या प्रक्षेपणापैकी सकाळचा दीड तास ५ ते १२ वयोगटातील शाळकरी मुलांसाठी होता. तो हिंदी, ओडिया, तेलुगू व कन्नड या चार भाषांत वाटला जात असल्याने एका भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत. पहिलीतले पोर आणि पाचवीतला मुलगा एकाच संचासमोर बसून एकच कार्यक्रम पाहत. दिल्लीतील शालेय दूरचित्रवाणी (१९६१ पासून) क्रमिक पुस्तकाला धरून होती. साइटने ते टाळून निरीक्षण, कुतूहल आणि परिसरातील विज्ञान यांवर भर दिला. मुलांसाठीच्या विज्ञान कार्यक्रमांची निर्मिती इस्रोच्या मुंबईतील स्टुडिओत होत असे. हिंदीतील कार्यक्रम तीन राज्यांसाठी एकच असत. त्यामुळे रायपूर-बिलासपूरकडील छत्तीसगढी बोलणाऱ्या किंवा दरभंग्याच्या मैथिली बोलणाऱ्या मुलाला ती भाषा घरची नव्हती. ही अडचण पुढील चर्चेत जेवढी यायला हवी होती तेवढी आली नाही.

मुलांवरील परिणामांचा अभ्यास राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या स्नेहलता शुक्ल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. संच असलेल्या व नसलेल्या शाळांतील मुलांची त्यांनी तुलना केली. भाषाविकासात आणि विविध मार्गांनी माहिती मिळविण्याच्या ओढीत संच असलेल्या शाळांतील मुले पुढे आढळली; शालेय विषयांतील संपादणूक, हजेरी व गळती यांत मात्र उल्लेखनीय फरक दिसला नाही. काही टीकाकारांनी यावरून प्रयोग फसल्याचा निष्कर्ष काढला. तो घाईचा वाटतो. शाळेचे दोनशे दिवस धरले तरी एका मुलाच्या वाट्याला वर्षभरात जेमतेम पाऊणशे तास येतात. शिवाय मूल शाळेत का येत नाही, याची कारणे शेतीची कामे, धाकट्या भावंडांची राखण आणि घरची ओढाताण यांत असतात. पडद्याने ती हटावीत ही अपेक्षाच अवास्तव होती. उलट क्रमिक पुस्तकाबाहेरच्या कार्यक्रमांनी भाषा सुधारावी, हे मोलाचे फळ आहे.

एकट्या पडद्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे अमेरिकेतील समकालीन संशोधनाशी ताडून पाहता स्पष्ट होते. तिकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६० च्या दशकातील प्रयोगांपासून पडद्यावरील हिंसेचे अनुकरण हा विषय अग्रभागी होता. शैक्षणिक बाजूने ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकेचे मूल्यमापन सॅम्युएल बॉल व गेरी अ‍ॅन बोगॅट्झ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले व मुलांची प्रगती दाखविली. टॉमस कुक व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये त्याच सामग्रीची फेरतपासणी केली, तेव्हा त्या प्रगतीचा मोठा भाग मुलांना व पालकांना मालिका पाहण्यास मुद्दाम दिलेल्या प्रोत्साहनाशी निगडित असल्याचे दिसले. साइटमध्ये हे काम शिक्षकाकडून अपेक्षित होते. पन्नास हजारांच्या आसपास प्राथमिक शिक्षकांना दोन सत्रांत प्रत्येकी बारा दिवसांचे विज्ञान प्रशिक्षण दूरचित्रवाणी, रेडिओ व कृतिपुस्तिकांच्या जोडीने देण्यात आले. प्रयोगाचा हा भाग सर्वांत कमी वादग्रस्त ठरला.

प्रौढांबाबत बिनोद अगरवाल आदी मानववंशशास्त्रज्ञांनी गावांत मुक्काम करून नोंदी केल्या. संध्याकाळच्या प्रेक्षकांतही मुलांचा भरणा मोठा असे.

मुदत संपताच उपग्रह भारताच्या टप्प्यातून परत अमेरिकेच्या बाजूला नेण्यात आला. १९८० च्या दशकात इन्सॅट या भारताच्या स्वतःच्या उपग्रहांवरून शालेय प्रक्षेपण पुन्हा सुरू झाले व त्यात महाराष्ट्र आला. मराठी कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली. ती २०१७ मध्ये बंद करण्यात आली.